‘पुरे’ म्हणायचा हक्क

आधीच सांगून टाकतो. ह्या लेखात बेड्या आहेत, खोडा आहे, चाबूक आहे. पण लेख शेजघरावर आहे. ज्यांना असल्या विषयाची लाज वाटते त्यांनी खुशाल पान उलटावं. उलटण्याआधी एवढं मात्र आठवावं, की माणसाला खोड्यात अडकवून चावडीपुढं बसवताना ह्या देशात कुणाला लाज वाटलेली नाही.

मामला असा आहे. परदेशात उघड आणि आपल्याकडच्या शहरांत गुपचूप, काही वयात आलेली माणसं एक खेळ खेळतात. दोघांच्या मर्जीनं. एक मालक होतो, दुसरा गुलाम. गुन्हेगाराला आणि गुलामाला बांधायची जी जुनी अवजारं, तीच आता मऊ अस्तर लावून दुकानात विकत मिळतात. मनगटाला बेडी, गळ्याला पट्टा, मान नि हात अडकवायची लाकडी फळी, चाबूक. खेळायच्या आधी सगळं बोलून ठरतं. काय चालेल, काय चालणार नाही. आणि एक शब्द ठरतो. तो शब्द तोंडातून निघाला की खेळ त्या क्षणी बंद. बेडी सुटलीच पाहिजे. हा शब्द ‘नको’ नसतो, ‘सोड’ही नसतो. कारण खेळाच्या भरात ‘नको’, ‘सोड’ हे नुसते संवाद असू शकतात. म्हणून खेळाबाहेरचा, भलताच शब्द घेतात. एखाद्या फळाचं नाव, गावाचं नाव, काहीही.

ह्याच्यावर दोन तऱ्हेची मतं तयार असतात. पांढरपेशा मोकळा माणूस म्हणतो, ज्याची त्याची मर्जी, आपण कोण बोलणार? बेडी आता बेडी राहिली नाही, दागिना झाली. आपला माणूस म्हणतो, थू तुमच्या खेळावर! आमच्या आज्याच्या पाठीवर जे पडलं ते तुम्ही हौसेनं विकत घेता? मला दोन्ही मतं अर्धी वाटतात. पहिला माणूस इतिहास विसरतो. दुसऱ्याचा राग खरा आहे, पण तो अवजाराकडंच बघत बसतो. त्या लहानशा शब्दाकडं कुणीच बघत नाही. मला त्या शब्दावर बोलायचंय.

अवजारांची कुळी सगळ्यांना ठाऊक आहे. खोडा म्हणजे भोकं पाडलेलं जड लाकूड. त्यात पाय अडकवायचे आणि माणूस लोकांना बघायला ठेवायचा. आपल्या भाषेत ‘खोडा घालणे’ अजून जिवंत आहे, लाकूड गेलं तरी. इंग्लंडात मान आणि हात अडकवायची उभी फळी १८३७ ला कायद्यानं बंद झाली. त्याच इंग्रजांनी आपल्याकडं १८६४ ला फटक्यांच्या शिक्षेचा कायदा केला, १९०९ ला तो नव्यानं केला, आणि स्वतंत्र भारतानं तो १९५५ ला रद्द केला. म्हणजे स्वराज्य आल्यावरही आठ वर्षं फटका कायदेशीर होता. आणि पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं नि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहून ठेवलंय. खोडा गुन्हा केल्यावर बसायचा. मडकं जन्मल्याबद्दल बसत होतं. खोड्याला मुदत होती. मडक्याला मुदत नव्हती.

आता कुणी म्हणेल, शिक्षेचं अवजार घेऊन त्याचा वेगळा अर्थ लावायचं हे खूळ पश्चिमेकडून आलं. तसं नाही. आपल्याच जिल्ह्यात हे पिढ्यान् पिढ्या चाललंय, फक्त देवाच्या नावानं. उंब्रजजवळ तारळीकाठी पालीचा खंडोबा आहे. खंडोबाचे वाघे लोखंडी साखळी, म्हणजे लंगर, एका हिसक्यात तोडतात. वाघ्या म्हणजे देवाचं कुत्रं असंही मानतात. काही ठिकाणी वाघे कुत्र्यासारखे भुंकत आणि कोटंब्यातलं खात, असं जुन्या नोंदींत आहे. वाईजवळ बावधनला बगाड निघतं. माणूस उंच लाकडाला टांगून फिरवायचा. पूर्वी पाठीत गळ टोचायचे, आता दोरानं बांधतात. आणि आपल्या आळीतला पोतराज. स्वतःच्या हातानं स्वतःच्या अंगावर आसूड ओढणारा. आसूड मालकाचा, अंग गुलामाचं, आणि दोन्ही एकाच माणसात. एवढा अवघड खेळ तर परदेशातल्या दुकानवाल्यांनाही सुचला नसता.

आणि पोतराजाला कुणी जबरदस्ती करत नाही म्हणे. तो आपल्या मर्जीनं मारून घेतो. ही मर्जी जरा उघडून बघा. नवस बोलते आई, केस वाढतात पोराचे. त्या पोराला कुणी विचारलं? मोठा झाल्यावर त्यानं आसूड खाली ठेवला तर देवीचा कोप, आणि त्याहून मोठा कोप पोटाचा. पायलीभर जोंधळे कुठून आणणार? पार्थ पोळके यांचं ‘आभरान’ वाचलं म्हणजे कळतं, की ह्या आसुडाचा आवाज आत घरात कसा ऐकू येतो. पोतराजाकडं अवजार आहे, सोंग आहे, बघणारे लोक आहेत. खेळ थांबवायचा शब्द मात्र त्याच्याकडं नाही. म्हणून तो खेळ नव्हता. शिक्षाच होती, हळदीकुंकू लावलेली.

आपले संस्कृतवाले मोठ्या अभिमानानं सांगतात की कामाचं शास्त्र आम्ही जगाला दिलं. दिलं असेल. त्या कामसूत्रात, दुसऱ्या अधिकरणात, मारण्यावर आणि मार खाताना निघणाऱ्या आवाजांवर एक अख्खा अध्याय आहे. वात्स्यायन मारायच्या जागा सांगतो, मारायच्या तऱ्हा सांगतो. मग दक्षिणेकडच्या लोकांच्या चार जालीम तऱ्हा सांगतो. त्यांची नावं हत्यारांवरून आहेत: खिळा, कात्री, टोचणी, सांडशी. आणि लगेच तीन बळी सांगतो. चोल राजानं चित्रसेना नावाच्या गणिकेला खिळ्यानं मारलं, ती मेली. कुंतलच्या सातकर्णी सातवाहनानं मलयवती राणीला कात्रीनं मारलं. नरदेव नावाच्या वाकड्या हाताच्या माणसानं टोचणीनं एका नटीचा डोळा फोडला.

कुंतल म्हणजे कुठं? मोटामोटी दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक. आपला कृष्णाकाठ त्यातच धरतात. म्हणजे ह्या विषयातला आपल्याकडचा सर्वांत जुना पुरावा एका मेलेल्या बाईचा आहे. तीही राणी. राणीची ही गत, तर दासीची काय असेल? दासीचं नाव लिहायला वात्स्यायनालाही सवड झाली नाही.

त्याचं श्रेय त्याला देऊ. ही हत्यारी मारहाण आर्याला न शोभणारी, टाकून द्यावी, असं तो स्वच्छ म्हणतो. ‘आर्याला’ हा शब्द त्याचा, आपण तो त्याच्यापाशीच ठेवू. पण त्याच अध्यायात एक यादी आहे, ती मला ह्या तिन्ही बळींपेक्षा भयंकर वाटते. मार खाताना बाईच्या तोंडून जे आवाज निघतात त्यांची ती यादी. कबुतरासारखा, कोकिळेसारखा, मधमाशीसारखा. आणि त्याच यादीत शब्दही घातलेत. ‘आई गं’ अशा अर्थाचे. ‘थांब’ अशा अर्थाचे. ‘सोड’ अशा अर्थाचे. ‘पुरे’ अशा अर्थाचे.

बघा काय केलंय. ‘पुरे’ हा शब्द कबुतराच्या घुमण्याशेजारी बसवला. तो आता अर्थ राहिला नाही, आवाज झाला. पुरुषानं तो ऐकायचा आणि आनंद मानायचा. मग चित्रसेना काय म्हणाली असेल? मलयवती काय म्हणाली असेल? ‘पुरे’च म्हणाली असेल. राजानं शास्त्र वाचलेलं होतं. त्याला ते कूजन वाटलं.

आजचे खेळ खेळणारे लोक भलताच शब्द का ठरवतात ते इथं कळतं. शास्त्रानं बाईचे सगळे नकार शृंगारात जमा केले. एकही शब्द शिल्लक ठेवला नाही. म्हणून नवा शब्द पैदा करावा लागला. तो यादीच्या बाहेरचा आहे आणि त्याच्यावर कुठल्याच राजाचा कान तयार झालेला नाही. त्या लोकांचा बाकी थाट मला आवडो न आवडो, हा एक शब्द त्यांनी शोधला त्याबद्दल मी त्यांना मानतो.

पण तेवढ्यावर त्यांना सोडणार नाही. करार आणि मर्जी ह्यांचा हिशेब अजून व्हायचाय. ऑस्ट्रियात झाखर-माझोख नावाचा लेखक होऊन गेला. त्याच्या नावावरून १८९० ला डॉक्टर लोकांनी मार खाण्यात सुख मानणाऱ्या वृत्तीला नाव दिलं. ह्या गृहस्थानं १८६९ ला एका बाईशी लेखी करार केला, की सहा महिने मी तुझा गुलाम. पुढच्या वर्षी त्याच्यावर कादंबरी लिहिली आणि नाव कमावलं. त्या करारात एक कलम असं, की गुलामाला रोज सहा तास स्वतःच्या कामासाठी मिळतील. दुसरं असं, की मालकीण त्याची पत्रं आणि लिखाण बघणार नाही.

दोस्तहो, असला गुलाम बघितलाय कधी? सहा तासांची रजा, कागदपत्रं कुलपात, सहा महिन्यांनी सुटका, वर कादंबरी!

आपल्याकडं दसरा-दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या कृष्णाकाठी ऊस तोडायला येतात. त्यांचाही करार पाच-सहा महिन्यांचाच असतो. मुकादमाकडून उचल घ्यायची, अंगठा द्यायचा. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. दोन माणसं, आणि मोजायला एक हत्यार. उचल फिटली नाही तर पुढच्या सालाला बांधलेले. वेठबिगारीच्या विरोधात कायदा १९७६ ला झाला, तो कायद्याच्या पुस्तकात आहे. ह्या करारालाही संमती आहेच की. अंगठा कुणी धरून लावला नाही. मग फरक काय?

फरक परतीच्या वाटेचा. झाखर-माझोख गुलामीत गेला तेव्हा त्याचं घर, नाव, पैसा, बुद्धी सगळं बाहेर शाबूत होतं. तो गुलामगिरी भाड्यानं घेत होता. कोयत्याला बाहेर काही नाही. जो केव्हाही उठून जाऊ शकतो त्याचाच ‘हो’ खरा. ज्याला जाता येत नाही त्याचा ‘हो’ म्हणजे भुकेचा आवाज.

आमच्या सूतखात्यात रिंगफ्रेमला लाल बटन असतं. दाबलं की मशीन जागच्या जागी थांबतं. धोका दिसला की कुणीही दाबावं, असं भिंतीवर लिहिलेलं असतं. पण दाबलं की जॉबर येऊन विचारतो, का दाबलंस? दोनदा दाबलं की तिसऱ्या दिवशी तुझ्या जागेवर बदलीवाला उभा असतो. तेव्हा बटन असणं वेगळं आणि बटन दाबायची ऐपत असणं वेगळं. ही गोष्ट कामगाराला एका पाळीत कळते. खेळातला तो परवलीचा शब्दही असाच तपासून बघावा. दोघं ठरवून बसले, शब्द ठरला, सगळं खरं. पण ज्याच्या गळ्यात पट्टा आहे त्याचं भाडं कोण भरतो? तिचा पगार कुणाच्या सहीनं निघतो? ‘पुरे’ म्हटल्यावर उद्या तिला घर आहे का? एवढं विचारल्याशिवाय मर्जी, मर्जी म्हणून टाळ्या पिटू नयेत.

कोर्टानं तर ह्याच्या उलट करून दाखवलं. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. हायकोर्टानं शिक्षा दिली. १९७९ ला निकाल सुप्रीम कोर्टात फिरला. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे विरोध नव्हता, असा अर्थ लावला गेला आणि पोलीस सुटले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ह्या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. मुद्दा साधा होता. मान खाली घालणं वेगळं, संमती वेगळी. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ ला कायदा बदलला. २०१३ ला तर कायद्यात स्पष्टच घातलं, की अंगानं विरोध केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही.

वात्स्यायनानं ‘पुरे’चा आवाज केला. कोर्टानं गप्प राहण्याचा ‘हो’ केला. दोघांच्या मध्ये पंधराशेच्या वर वर्षं आहेत आणि कान एकच आहे.

आणि अजून एक जागा उरलीच. लग्नातली. २०२४ ला नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कार धरायची नाही, हा जुना अपवाद राखला गेला. म्हणजे मंगळसूत्र घातलं की कायमचा ‘हो’. ज्या खेळाला लोक विकृती म्हणून नाकं मुरडतात, त्या खेळात दर खेपेला विचारावं लागतं. ज्याला संस्कार म्हणतात त्यात एकदाच विचारतात, कधी कधी तेही बापालाच. उगीच नाही बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झिजले आणि १९५१ ला मंत्रिपद सोडून बाहेर पडले. १९५५ च्या विवाह कायद्यानं घटस्फोट दिला. घटस्फोट म्हणजे तरी काय? लग्नातला थांबवायचा शब्द. त्या एका शब्दाला केवढा विरोध झाला!

आता एका नाटकाबद्दल बोलतो. अमेरिकेत जेरेमी ओ. हॅरिस ह्या काळ्या नाटककारानं ‘स्लेव्ह प्ले’ लिहिलं. २०१८ ला न्यूयॉर्कच्या छोट्या रंगमंचावर आलं, २०१९ ला ब्रॉडवेवर. टोनी नावाच्या त्यांच्या मोठ्या पारितोषिकासाठी बारा नामांकनं मिळाली आणि पारितोषिक एकही नाही. पहिल्या भागात कापसाच्या मळ्यातली गुलामी दिसते. चाबूक, मालक, मुकादम, शेज. बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. मग कळतं, ही आजचीच माणसं आहेत. काळे-गोरे जोडीदार, संसारातली आटलेली ओढ परत यावी म्हणून एका उपचारासाठी आलेत आणि ठरवून सोंग घेतलंय. आपल्या विषयाच्या नेमकं मध्यावर हात घालणारं हे नाटक आहे.

त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. थांबवायचा शब्द तिथंही ठरलेला आहे. तो उच्चारतो कोण? चाबकाखालची काळी बाई कनीशा उच्चारत नाही. मुकादमाचं सोंग घेतलेला तिचा गोरा नवराच उच्चारतो. त्याला स्वतःचं ते रूप सोसवत नाही. तिला मात्र खेळ पुढं न्यायचा होता. त्याच्या कातडीमागं कोणता इतिहास उभा आहे तो त्यानं एकदा डोळ्यांनी बघावा, ऐकावा, एवढंच तिला हवं होतं. म्हणजे खेळ थांबवायचा हक्कही वरच्यानंच वापरला, आणि तोही स्वतःच्या जिवाला बरं वाटावं म्हणून. पुढचं अख्खं नाटक त्याला ऐकायला लावण्याची झटापट आहे.

हॅरिसचा धीटपणा मला कबूल. गुलामाच्या नातीला चाबकाशी खेळावंसं वाटलं तर तिला खुळी किंवा फितूर म्हणू नका, एवढं त्यानं ठणकावून सांगितलं. माझी तक्रार दुसरी आहे. त्याच्या नाटकात इतिहास सगळा दोन माणसांच्या गादीवर येऊन पडतो. मळा कुणाचा होता, कापूस कुठल्या गिरणीत गेला, आजच्या घराचं भाडं कोण भरतं, ह्याची वाट नाटकाला सापडत नाही. दुखणं गावाचं आणि औषध दोघांच्या खोलीत. तिथंच ते अडतं.

इथं मला जोतीबा आठवतात. १८७३ ला त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. दहा वर्षांनी, १८८३ ला, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. नावच बघा. जो आसूड पोतराजाच्या अंगावर पडत होता, जो फटका सरकारच्या कायद्यात होता, तो त्यांनी उचलला आणि त्याचं पुस्तक केलं. अवजाराला नवा अर्थ द्यायचाच, तर आपल्याकडं त्याचं सर्वांत मोठं उदाहरण हे आहे. देवळानं आसुडाला देवीचा प्रसाद केलं. दुकानानं त्याला शेजेवरचा माल केलं. जोतीबांनी त्याचा सवाल केला: हा कुणी वळला, कुणाच्या कातड्याचा, आणि कुणाच्या पाठीसाठी?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. बंद खोलीत दोन शहाणी, मोकळी, स्वतःच्या पायावर उभी माणसं बेडीशी खेळत असतील आणि ‘पुरे’ म्हणताक्षणी बेडी सुटत असेल, तर ते आपले शत्रू नाहीत. त्यांच्या दारावर पोलीस पाठवायची मागणी आपण करू नये. इंग्लंडात १९९३ ला वरिष्ठ सभेच्या न्यायाधीशांनी, तिघांनी विरुद्ध दोघांनी, अशाच काही पुरुषांची शिक्षा कायम केली. दुखापतीला संमती चालत नाही म्हणाले. मुष्टियुद्धाला मात्र तिथं तिकीट लावून संमती चालते. आपल्यावर वापरलेले कायदे दुसऱ्यावर वापरायची हौस आपल्याला नको. पण खेळणाऱ्यांनीही एक जाणावं. मडकं आणि झाडू हे कुणाच्या सोंगाचं सामान होऊ शकत नाही, जोवर गावात कुणाला अजून दुसऱ्या पेल्यातून पाणी मिळतं. जे अवजार चालू आहे त्याचा खेळ होत नसतो.

आणि शेवटी आपल्या लिहिणाऱ्यांना. आपल्या कवितेत आसूड फार झालेत. ओळीओळीला चाबूक कडाडतो. व्यवस्थेच्या पाठीवर कडाडतो तोवर ठीक. पण रागाच्या भरात तोच चाबूक ओळीतल्या बाईच्या अंगावरून फिरतो आणि आपण त्याला विद्रोह म्हणतो. ती बाई कवितेत काही बोलते का? बोलली तर तिचं बोलणं शब्द म्हणून येतं की कबुतराचं घुमणं म्हणून? राजाचा कान आपल्यालाही फुटलाय का, हे ज्याचं त्यानं आपल्या वहीत तपासावं. वहीत तपासून झालं की घरात. चुलीपुढं बसलेल्या बाईनं रात्री ‘पुरे’ म्हटलं, तर आपण थांबतो का? तिला सकाळी त्याची किंमत मोजावी लागत नाही ना? ह्याचं उत्तर ज्याच्याकडं सरळ आहे, त्यानंच दुसऱ्याच्या बेडीवर लिहावं.